पडद्याची डावी बाजू

सोमवारपासून आमच्या डेपोच्या एकाही बसमध्ये कंडक्टर असणार नव्हता. दारात मशीन बसवलं होतं. प्रवाशाने त्याला कार्ड लावायचं, मशीनने 'टुंई' करायचं आणि ड्रायव्हरने एकट्याने गाडी हाकायची. कंडक्टरांना चौकशीच्या खिडकीत, पासच्या टेबलावर, जिथे भोक दिसेल तिथे बसवून टाकलं होतं. सुट्टेकाकांच्या वाट्याला हरवलेल्या सामानाची खोली आली. "सुट्टे द्या, सुट्टे द्या" म्हणता म्हणता ज्याचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं, तो माणूस आता लोकांच्या विसरलेल्या छत्र्या सांभाळणार होता.

त्यांनी बावीस वर्षं काढली ती माझ्या भाऊजींच्या गाडीवर. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आणि मी त्याच डेपोत टाइमकीपर. फाटकाजवळच्या काचेच्या खोलीत बसते. कुठली बस किती वाजता गेली, किती वाजता आली, आणि येताना अंगावर काय घेऊन आली – पोचा, ओरखडा, फुटका दिवा – ते लिहिते. चौदा वर्षं लिहून आता ती खोडच झाली आहे. कुणाकडे पाहुणी गेले तरी मनात रकाने आखते. ताई भाऊजींना तासाला किती वेळा "अहो, ऐकलंत का?" म्हणते: नऊ. भाऊजी किती वेळा ऐकतात: दोन.

पण माझ्याच वहीतली एक ओळ मला महिनाभर टोचत होती. गेल्या महिन्यात सुट्टेकाका दाढ काढायला तीन दिवस रजेवर गेले. त्या तीन दिवसांत भाऊजींच्या बसचा डावीकडचा आरसा गेला आणि डाव्या कुशीला दारापासून मागच्या चाकापर्यंत ओरखडा आला. सव्वीस वर्षांत ज्याने बसला नख लावलं नाही, त्याच्या गाडीला एवढं. भाऊजी म्हणाले, "उभ्या गाडीला कुणीतरी घासून गेलं." मी तसंच लिहिलं. गाडी उभी कुठे होती, केव्हा होती, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर लिहावं लागलं असतं.

काका परत आले आणि बस पुन्हा साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत यायला लागली. हेच मला खटकत होतं. आणि आता उद्या सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी भाऊजी ती बस पहिल्यांदाच एकटे घेऊन निघणार होते. आत बेचाळीस बसणारे, वीस-बावीस लोंबकळणारे, वाटेत एक शाळा. त्याआधी मला एवढंच कळायला हवं होतं, की त्या तीन दिवसांत नशीब फिरलं होतं की भाऊजींचंच काही बिनसलंय. पण विचारणार कसं? ड्रायव्हरला "तुमचं ड्रायव्हिंग ठीक आहे ना?" विचारणं म्हणजे सोनाराला "सोनं ओळखता ना?" विचारणं.

रविवारी दुपारी ताईने काकांना घरी बोलावलं होतं. निरोपसमारंभ म्हणायचं, पण डेपोने हार घातला नाही म्हणून घरचा चहा. माझी भाची कॉलेजातून आली होती. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती बसून बोलूच शकत नाही. तिने खिशातून पेनड्राइव्ह काढला.

"काका, बाबा, आज तुमची शर्यत. बावीस वर्षं एकाच गाडीत बसलात, एकदा वेगवेगळ्या गाड्यांत बसा."

"कसली शर्यत?" भाऊजींनी विचारलं.

"कॉम्प्युटरवर. मोटारींची. रस्ता वरून दिसतो, गच्चीतून खाली बघितल्यासारखा. अख्खा ट्रॅक एकाच वेळी पडद्यावर."

"वरून गाडी चालवतात का कुणी?" भाऊजी म्हणाले. "मग ड्रायव्हर बसतो कुठे, टपावर?"

मी चहाचा कप खाली ठेवला. मला खेळातलं काही कळत नाही, पण भाऊजींना गाडी चालवताना शेजारी बसून बघायची संधी कळते.

पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर जुना. तो सुरू होईपर्यंत ताईने दोन वेळा "अहो, ऐकलंत का?" म्हणून घेतलं. खेळ भरताना त्याने तीनदा विचारलं, खात्री आहे ना? भिंगरीने तीनदा सांगितलं, आहे. मग खेळ उघडला तो पोस्टाच्या तिकिटाएवढा. तो मोठा केला तर आवाज गेला. आवाज आणला तर एकाच स्पीकरमधून यायला लागला, तोही भाऊजींच्या कानाशी, दळणाच्या चक्कीसारखा.

"सोडून दे," ताई म्हणाली. "चहा गार होतोय."

"नाही, नाही, होईल," मी म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पत्तेसुद्धा खेळत नाही.

अखेर पडद्यावर ट्रॅक आला. राखाडी रस्ता, बदामासारखा वाकडातिकडा, कडेला टायरींचे ढीग, मध्येमध्ये तेलाचे डाग. काडेपेटीपेक्षा लहान गाड्या: भाऊजींची लाल, काकांची पिवळी, भिंगरीची निळी. कीबोर्ड एकच. उजवीकडची बाणांची बटणं भाऊजींना, डावीकडची अक्षरं काकांना, मधली कुठली तरी भिंगरीला. त्यामुळे बसण्याची पद्धतही आपोआप बसमधल्यासारखीच झाली. भाऊजी उजवीकडे, काका त्यांच्या डाव्या अंगाला.

"पायलट, जाऊ द्या," काका म्हणाले. भाऊजींना ते पायलट म्हणतात. भाऊजी त्यांना सुट्ट्या म्हणतात.

पहिली शर्यत भाऊजींनी जिंकली. दुसरीही. पडद्यावर गाडी खाली यायला लागली की डावं-उजवं उलटं होतं, नवशिके तिथेच गडबडतात, असं भिंगरी म्हणत होती. पण भाऊजींना वेळ लागला तो फक्त पहिल्या फेरीपुरता. काका दोन्ही वेळा शेवटचे. त्यांचा एक हात बटणांवर होता, दुसरा टेबलाच्या कडेवर; आणि त्या हाताचं मधलं बोट मध्येमध्ये लाकडावर वाजत होतं. टक. टक-टक. बसमध्ये ते पत्र्यावर असंच ठोकतात: एकदा म्हणजे डावीकडे जवळ आहे, दोनदा म्हणजे मोकळं आहे, जाऊ द्या. हाडाची सवय, मी म्हटलं. माणूस झोपेतसुद्धा ठोकत असेल.

मला बरं वाटलं. एवढं सफाईने चालवणाऱ्या माणसाचं काय बिनसणार?

तिसऱ्या शर्यतीत ताईला चेव आला. "मलाही द्या एक गाडी." तिला हिरवी दिली, आणि चार जणांचे आठ हात एका कीबोर्डवर पडले. गाड्या मध्येच थिजायला लागल्या. भिंगरी म्हणाली, एका वेळी इतकी बटणं दाबली की कीबोर्ड बधिर होतो, काही घेतच नाही.

"म्हणजे ओव्हरलोड," भाऊजी म्हणाले. "दोघांना उतरवा."

उतरवले ते काका आणि भिंगरी. तिचा लॅपटॉप खोलीच्या पलीकडच्या टोकाला, जेवणाच्या टेबलावर मांडला. दोन्ही मशीन तारेने जोडायची, म्हणजे दोन्हीकडे एकच ट्रॅक, एकच शर्यत. बोलायला एका मिनिटाचं काम. लागली पस्तीस मिनिटं. मी घड्याळात बघितलं होतं. आधी लॅपटॉपवर खेळाची नवी आवृत्ती निघाली आणि इकडे जुनी. नवी जुनीशी बोलेना. ते जमवलं तर लॅपटॉपला हे मशीन सापडेना. भिंगरीने तार काढली, घातली, आकड्यांचा पत्ता दोनदा टाइप केला, तिसऱ्यांदा काकांकडून मोठ्याने वाचून घेतला. शेवटी तिच्या लक्षात आलं.

"आई, मघाशी पडद्यावर एक चौकट आली होती का? परवानगी द्यायची का विचारणारी?"

"आली होती."

"मग?"

"मग काय? नाही म्हटलं. तूच शिकवलंस ना, अनोळखी चौकट आली की नाही म्हणायचं! मी तिला चार वेळा हाकललं."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. भाऊजी म्हणाले, "एवढ्या वेळात माझी एक फेरी होऊन बस परत आली असती." मला मात्र हसू येईना. पाच वाजत आले होते.

परवानगी दिली. पडद्यावर चार नावं आली: पायलट, सुट्टे, भिंगरी, गृहमंत्री. तीन, दोन, एक.

पहिल्या वळणावर भाऊजींची लाल गाडी टायरींच्या ढिगात गेली. मग तेलात. मग ताईच्या हिरव्या गाडीवर, जी उभीच होती, कारण ताईला बटण सापडत नव्हतं.

"अहो, मला काय ठोकता?"

"तू मध्ये कशाला येतेस?"

"मी आलेच नाही! मी कधीची इथेच आहे!"

भाऊजी शेवटून दुसरे आले, आणि तेही ताई उलट्या दिशेने गेली म्हणून. मी पर्समधून एक पत्राचं पाकीट काढलं आणि त्याच्या पाठीवर दोन रकाने आखले. पुढच्या शर्यतीला मी भाऊजींच्या खुर्चीमागे उभी राहून लिहायला लागले. ठोकर बसली की रेघ. गाडीची डावी बाजू, गाडीची उजवी बाजू. डेपोत आम्ही असंच लिहितो. पाच फेऱ्या संपल्या तेव्हा डावीकडे सहा रेघा होत्या आणि उजवीकडे पाच.

सहा आणि पाच! दोन्हीकडे सारखंच, म्हणजे डोळ्यांचं-बिळ्यांचं काही नाही, नुसता नवशिकेपणा. ताईच्याही सात आणि आठ होत्या. मी चक्क एक बिस्किट खाल्लं.

त्यानंतरची शर्यत लागली आणि दुसरं बिस्किट बशीतच राहिलं. लाल गाडी पडद्याच्या वरून खाली येत होती. तिच्या एका अंगाला टायरींचा ढीग होता. भाऊजींनी रस्ता सोडून अलगद, जणू तिथे काहीच नाही अशी, गाडी त्या ढिगात घातली. मी सवयीने उजवीकडे रेघ ओढली. खाली येणाऱ्या गाडीची ती उजवी बाजू. पण ढीग होता पडद्याच्या डावीकडे.

चौदा वर्षांच्या सवयीने मी गाडीच्या बाजू मोजत होते. बघणारा माणूस गाडीत नव्हता, खुर्चीत होता, आणि गाडी कशीही वळली तरी त्याची डावी बाजू तीच राहत होती. वर जाताना भाऊजींची गाडी डाव्या अंगाने घासत होती, खाली येताना उजव्या अंगाने, पडद्यावर डावीकडे जाताना सरळ नाकाने. आणि उजवीकडे जाणाऱ्या पट्ट्यात ती लोण्यातून सुरी जावी तशी जात होती. मी पाकीट उलटं केलं, नवे रकाने आखले, मघाच्या एकेक ठोकरी आठवून पुन्हा मांडल्या. पडद्याची डावी: दहा. उजवी: एक. ताईच्या रकान्यात काही फरक पडेना. तिला सगळ्या दिशा सारख्याच वैरी.

आणि तेव्हाच मला खोलीच्या त्या टोकाचा आवाज ऐकू आला. स्पीकर भाऊजींच्या कानाशी घुमत होता, त्यांना तो ऐकू जाणं शक्य नव्हतं. टक. आणि लाल गाडी धडकली. पुन्हा टक. पुन्हा धडक. काकांची पिवळी गाडी कधीची कुंपणात अडकून पडली होती. ते तिच्याकडे बघतही नव्हते. ते लाल गाडीकडे बघत होते आणि जेवणाच्या टेबलावर ठोकत होते, प्रत्येक वेळी धडकेच्या एक क्षण आधी.

आमची नजरानजर झाली. काकांनी हात खिशात घातला.

"हा कीबोर्डच खराब आहे," भाऊजी म्हणाले. हसत होते, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"बाबा, ट्रॅक उलटा करते," भिंगरी म्हणाली. "आरशात दिसतो तसा. जिथे डावं तिथे उजवं. कदाचित तो सोपा जाईल."

"कर," भाऊजींच्या आधी मीच म्हणाले.

ट्रॅक उलटा झाला. जे ढीग मघाशी उजवीकडे होते आणि ज्यांना भाऊजींनी एकदाही हात लावला नव्हता, ते आता डावीकडे आले. भाऊजींनी एकेक करून सगळे पाडले. मघाशी ज्यांनी हैराण केलं होतं ते उजवीकडे जाऊन सुखरूप राहिले. मी रेघा ओढत होते आणि पेन कागदाला भोक पाडत होतं.

"काय लिहितेस गं?" भाऊजींनी वळून विचारलं.

"काही नाही."

"मेव्हणीबाई, टाइमकीपर 'काही नाही' लिहायला लागली तर डेपो बंद पडेल. दाखव."

मी दिलं. दुसरं काय करणार? भाऊजींना आकडे सांगावे लागत नाहीत, आयुष्यभर फेऱ्यांचे तक्तेच वाचलेत. त्यांनी पाकीट नाकासमोर धरलं, वरचे रकाने बघितले, खोडलेले बघितले, नवे बघितले.

"डावी दहा, उजवी एक," ते म्हणाले. "उलटा केल्यावर?"

"डावी नऊ. उजवी नाही."

"असं होय." मग, "पण मी तपासणीत दर वर्षी पास होतो. तक्त्याची शेवटची ओळ वाचतो. समोर तर मला मुंगीच्या मिशा दिसतात."

"तक्ता समोरच असतो, भाऊजी."

त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं, त्याच्या कडा टेबलाच्या कडेला जुळवल्या.

"भिंगरे, आवाज बंद कर. सगळ्यांच्या गाड्या काढ, कॉम्प्युटरच्या ठेव. मी एकटा चालवतो."

ती एक शर्यत मला कुठल्याही फेरीपेक्षा लांब वाटली. आवाज नाही, त्यामुळे धडका ऐकूही येत नव्हत्या. नुसती लाल गाडी थांबायची, मागे यायची, पुन्हा निघायची. काकांचा हात खिशात हलताना मला कापडावरून दिसत होता. पाच फेऱ्या झाल्या.

"आता तू ये, सुट्ट्या. इथे बस."

"पायलट, राहू दे ना. खेळ आहे."

"बस म्हणतो ना. आणि ठोक."

काका बसले. टेबलाच्या कडेवर बोट ठेवलं. टक. लाल गाडी किंचित उजवीकडे सरकली आणि ढिगाच्या अगदी कडेने निसटली. टक-टक. सरळ झाली. टक. टक. टक-टक. भाऊजी पडद्यावरून नजर हलवत नव्हते, काका भाऊजींकडे बघत नव्हते, आणि गाडी दोघांच्या मधून फिरत होती, पाचही फेऱ्या, कुठे नखभरही घासली नाही. ती पहिली आली.

भाऊजींनी बटणांवरून हात काढले.

"किती दिवस?"

"काय किती?"

"भोळेपणाचं सोंग नको. किती दिवस ठोकतोयस?"

"ठोकतो तर पहिल्यापासूनच."

"मला कळेल असं सांग."

काकांनी नाकपुडीला हात लावला. "वर्ष झालं असेल. एकदा स्टॉपवरची बाई तुला दिसली नाही. दारात मी होतो. मग मी जरा लवकर ठोकायला लागलो. मला वाटलं, म्हातारा होतोय, सावकाश होईल."

"वर्षभर मला बोलला नाहीस."

"बोलून काय केलं असतंस? घरी बसला असतास."

"पाठीमागे साठ माणसं होती, सुट्ट्या!"

"मी होतो ना," काका म्हणाले. "मी होतो ना तिथे."

ताई उठून उभी राहिली होती. तिला जे कळायचं ते कळलं होतं, पण तिने ते अजून मनात घेतलं नव्हतं. पाहुणा दारात उभा ठेवावा तसं ठेवलं होतं. "अहो, चष्म्याने होईल ना? नंबर वाढला असेल," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?" भाऊजींनी तिला उत्तर न देता मला विचारलं.

"शंका होती. आरसा गेला तेव्हापासून."

"उभ्या गाडीला घासलं, असं मीच सांगितलं ना तुला."

"हो. आणि मी लिहिलं."

"शहाणे आहोत आपण सगळे," भाऊजी म्हणाले. "एकाने ठोकलं, एकीने लिहिलं, आणि मी चालवलं." मग त्यांनी माझ्या पर्सकडे हात केला. "डेपोला फोन लाव. उद्या सहा-दहाला बदली ड्रायव्हर माग."

मी लावला. ड्युटी-क्लार्क रविवार असल्याने जांभया देत होता. मी गाडीचा नंबर सांगितला, बदली हवी म्हणून सांगितलं. त्याने विचारलं, "कारण?"

आमच्याकडे कारणाच्या रकान्यात काय लिहिता यावर माणसाचं पुढचं ठरतं. ताप लिहिला तर दोन दिवस मिळतात, दोन दिवसांनी ड्रायव्हर पुन्हा स्टिअरिंगवर. डोळे लिहिले की कागद वैद्यकीय मंडळाकडे जातो, आणि मंडळाकडून आलेला ड्रायव्हर पुन्हा बसवर चढतो तो बहुधा तिकीट काढून.

"ताप सांग," ताई कुजबुजली. "ताप. आधी डॉक्टरला तरी दाखवू दे. ताप सांग गं."

तसं सांगणं कठीण नव्हतं. एक शब्द. मी भाऊजींकडे बघितलं, आणि मला उत्तर द्यावं लागू नये म्हणून असेल, किंवा मी काय सांगेन याची त्यांना खात्री नसेल म्हणून, त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"मीच बोलतोय. ताप नाही. मला डावीकडचं दिसत नाही, असं लिही."

पलीकडून हसल्याचा आवाज मला ऐकू आला. "काय दादा, रविवारी दिवसाउजेडीच?"

"चहा प्यायलोय. हसू नकोस, लिही."

"पण दादा, कारणाच्या रकान्यात एवढं मावत नाही."

"मग बारीक अक्षरात लिही."

ताई आत निघून गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ तसाच चालू राहिला. भिंगरी तिच्यामागे गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती हळू चालत होती.

फोनवर क्लार्क आता हसत नव्हता. बदली म्हणून कुणाला पाठवू, विचारत होता. उद्यासाठी मोकळा एकच होता, दोन महिन्यांपूर्वी लागलेला पोरगेला ड्रायव्हर. त्या रस्त्यावर तो कधी गेला नव्हता.

"त्याला रस्ता सांगावा लागेल," भाऊजी म्हणाले. "लिहून घे आणि त्याच्या हातात दे. फाटकातून निघाल्यावर पहिल्या चौकात सिग्नल उशिरा सुटतो, घाई करू नको म्हणावं. पुलावर उजवीकडून ट्रक आत घुसतात, त्यांना घुसू द्यायचं. शाळेपुढे दुसरा गिअर, पोरं असोत नसोत. मग लाकडाची वखार लागते. वखारीपुढे डावीकडे हातगाड्या लावतात, तिथे गाडी मधोमध –"

"वखार नाही आता," काका म्हणाले. जमिनीकडे बघत.

"काय?"

"पाडली. चार महिने होत आले. पत्र्याचं कुंपण घातलंय तिथे. निळं."

भाऊजींनी फोन कानापासून खाली घेतला. त्या वखारीवरून ते दिवसातून आठ वेळा जात होते; मी हिशेब केला तर चार महिन्यांत सातशेच्या वर. त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी ते बहुतेक तिथेच गेले असावेत, कारण जरा वेळाने त्यांनी मान हलवली, की हो, ओंडके आहेत ना, रचून ठेवलेत.

"हॅलो? दादा? वखारीपुढे काय लिहू?"

भाऊजींनी फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकरचं बटण दाबलं. "वखार खोड," ते म्हणाले. "डावीकडचं हा सांगेल. उजवीकडचं मी सांगतो. सुट्ट्या, सांग त्याला."

काकांनी घसा साफ केला, रुमालाने तोंड पुसलं, फोनकडे वाकले.

"कुंपण लिही. आणि कुंपणाच्या अलीकडे, अगदी कडेला, एक खड्डा आहे. मोठा आहे. हळू घे म्हणावं."

"कुठला खड्डा?" भाऊजींनी विचारलं.

"आहे एक," काका म्हणाले. "तुला कधी लागला नाही तो."